अस्वलामार्फत

"बोलत राहायचं," बसच्या दांड्याला धरून रेवती कामत सांगत होती. "नुसतं कुजबुजायचं नाही, मोठ्याने बोलायचं. माणूस अचानक पुढ्यात आलेला अस्वलाला आवडत नाही. तुमचा आवाज लांबून ऐकू आला, की ते आपणहून वाट सोडतं. गप्प चालणाऱ्यालाच धोका जास्त."

मूळ इंग्रजी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या रेंजरबाईंचं होतं. रुंद काठाची टोपी, पांढरी वेणी आणि चेहरा असा, की अस्वलच काय, जिल्हा परिषदेचा अध्यक्षही वाट सोडेल. रेवती आमची टूर मॅनेजर. बाईंचं प्रत्येक वाक्य ती मराठीत आणून आमच्या गळी उतरवत होती.

"अगं बाई, आम्हाला गप्प राहा म्हणाल्या असत्या तर पंचाईत झाली असती!" जहागीरदारवहिनी म्हणाल्या आणि सगळी बस हसली. अलास्काच्या रानात छत्तीस मराठी माणसं, प्रत्येकाच्या पिशवीत चिवडा. गप्प बसण्याचा प्रश्नच नव्हता.

मीही हसलो. माझी बायको कुंदाही हसली, पण पलीकडच्या खिडकीकडे बघून. आमच्या दोघांच्या मध्ये जहागीरदारवहिनी बसल्या होत्या आणि त्या दिवशी आमच्या अबोल्याचा एकोणिसावा दिवस होता.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी बासष्टचा होतो, दूरसंचार खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेला. कुंदा अठ्ठावन्नची. सांगलीच्या एका शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून ती नुकतीच एप्रिलअखेर घरी बसली होती. सहल वर्षभर आधी ठरवलेली. आधी बस आणि रेल्वेने डेनालीच्या जंगलातून फिरायचं, मग सात दिवस बोटीवरून हिमनद्या बघत व्हँकूव्हर गाठायचं. अबोला मात्र ऐनवेळी ठरला. त्याचं कारण कुंदाचे गुडघे.

झालं असं. एप्रिलमध्ये एका सकाळी घरी फोन वाजला. संगमेश्वरजवळच्या एका शिक्षणसंस्थेचे सचिव नेनेसर बोलत होते. त्यांच्या मुलींच्या निवासी शाळेला मुख्याध्यापिका हवी होती. तिथेच राहणारी, निदान दोन वर्षांसाठी. कुंदाचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं. "बाई आहेत का घरात?" त्यांनी विचारलं.

कुंदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती.

"तिला नाही हो जमायचं," मी म्हणालो. "गुडघे फार दुखतात तिचे. चढउतार झेपणार नाही."

मी फोन ठेवला, चहा केला, तिलाही अर्धा कप नेऊन दिला. सांगितलं काही नाही.

मेमध्ये मिरजेला एका लग्नात नेनेबाई भेटल्या. पंगतीत त्यांनी कुंदाचा हात हातात घेतला. "गुडघे कसे आहेत आता?"

"कोणाचे?" कुंदाने विचारलं.

मी समोरच्याच पानावर होतो. हातातली जिलबी हातातच राहिली.

"अहो, यांनी तुमच्यासाठी फोन केला होता ना. तुमचे घैसास म्हणाले, गुडघ्यांमुळे जमणार नाही. फार हळहळले हे. अजून कोणी मनासारखं मिळालं नाही बघा. दहा जूनला ठरवून टाकायचं म्हणतात, सोळाला शाळा उघडते."

कुंदाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग नेनेबाईंना म्हणाली, "हो, दुखत होते खरे. आता बरे आहेत." आणि मठ्ठ्याची वाटी उचलली. त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

घरात तिसरं माणूस असलं की अबोला चालवणं अवघड नसतं. मुलगा लहान असताना त्याच्यामार्फत चालायचा: सांग तुझ्या बाबांना, पान वाढलंय. तो पुण्याला गेल्यावर ते काम कामवाल्या सुशीलाकडे आलं. टूरवर जहागीरदारवहिनी आयत्याच सापडल्या. सोलापूरच्या, एकट्याच आलेल्या आणि बोलायला कायम तयार. "वहिनी, यांना सांगा, टोपी घाला, वारं आहे." "वहिनी, तिला विचारा, चिवड्याचा डबा कुठल्या पिशवीत आहे." वहिनी निरोप पोचवायच्या आणि वर म्हणायच्या, "या वयात किती हो जपता एकमेकांना!"

बस एका नदीपाशी थांबली. तिथून नदीच्या काठाने जाऊन पुलावरून परत येणारी पायवाट होती, तीनेक किलोमीटरची. "एकट्याने कोणीही चालायचं नाही," रेवतीने बजावलं. वहिनी बसमध्येच राहिल्या. त्यांचे गुडघे खरोखर दुखत होते.

पुढची मंडळी अंताक्षरी खेळत निघाली. मी मागे थांबून एका शिखराचा फोटो काढला, तो नंतर ढगाचा निघाला. कॅमेरा खाली केला तेव्हा अंताक्षरी वळणापलीकडे गेली होती आणि वीस पावलांवर कुंदा माझ्याकडे पाठ करून उभी होती. ती थांबली होती ती रेवतीच्या नियमासाठी. माझा गैरसमज होऊ नये म्हणून तिने घड्याळाकडेही पाहून घेतलं.

आम्ही चालू लागलो. झाड म्हणून नव्हतं. कमरेएवढी झुडपं, दगड, खालून खळाळणारी राखाडी नदी आणि दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. आमच्या दोघांच्या बुटांशिवाय माणसाचा आवाज नाही.

समोरून काठ्या टेकत दोन गोरे गृहस्थ आले. वरच्या अंगाला अस्वलाची मादी आहे, बरोबर पिल्लू आहे, खाली उतरूही शकते, असं त्यांनी सांगितलं. "बोलत राहा," ते म्हणाले आणि स्वतः मोठमोठ्याने बोलत निघून गेले.

आम्ही दोघं उभे. मी सांगलीत कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडणारा माणूस. बोलायचं तर होतं, पण पहिला शब्द कोणी काढायचा? अबोला असा थोडाच मोडतात? कितीतरी वेळ आम्ही दोघंही झुडपांकडे बघत राहिलो.

मग कुंदाने आवाज लावला. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, तेहतीस वर्षांचा तालमीतला आवाज.

"एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

मला एवढं बरं वाटलं, की मीही ओरडलो, "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

पण तिने चोक म्हटलंच नाही. ती अठ्ठावन्नवरच थांबली होती. मग डोंगराकडे तोंड करून म्हणाली, "अस्वला! अठ्ठावन्न वर्षांची बाई म्हातारी असते का रे?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"यांना विचार, तिला कोणी काम देऊ केलं तर उत्तर कोणी द्यायचं? तिने, की तिच्या नवऱ्याने?"

आता मलाही कोणाशी बोलायचं ते कळलं. "अस्वला, बाईंना सांग, तो डोंगराळ मुलूख आहे. पावसाळ्यात पाय घसरतात. डॉक्टर जवळ नाही. त्यांच्या भल्यासाठीच..."

"अस्वला, यांना सांग, आत्ता मी डोंगरातच चालतेय. धाप यांना लागलीय."

ते खरं होतं. ती पुढे चटाचटा चालत होती आणि मी दर दहा पावलांना देखावा बघायला थांबत होतो.

"आणि हेही सांग," ती चालता चालता ओरडत होती. "यांची चंद्रपूरला बढतीवर बदली झाली होती. ते पत्र घरी आलं तेव्हा हे ऑफिसात होते. घरात सासू-सासरे, मुलगा दुसरीत, माझी शाळा. तीन वर्षं एकटीने ओढायचं होतं. ते पत्र मी लपवलं नाही रे अस्वला. यांचे गुडघे दुखतात असं खात्याला कळवलं नाही. पेढे आणले आणि पेढ्यांबरोबर पत्र यांच्या हातात दिलं."

पेढे मला आठवले. पंचवीसएक वर्षं मला वाटत होतं की ते आईने आणले होते.

"यांना म्हणावं, गप्प बसू नका," कुंदा म्हणाली. "धोका आहे."

मला राग आला. आपण चुकलो हे कळतं तेव्हा येतो तसा राग. "अस्वला," मी घसा ताणून म्हणालो, "बाईंना सांग, जागा अजून भरलेली नाही! दहा तारीख जायचीय. त्यांनी स्वतः करावा ना नेन्यांना फोन! कोणी हात धरलाय?"

कुंदा थांबली. वळली, पण माझ्याकडे नाही, झुडपांकडे. आवाजही खाली आला. अस्वल जवळ असतं तरच त्याला ऐकू गेलं असतं.

"काय सांगू फोनवर? महिन्यात गुडघे बरे झाले? की माझा नवरा तुमच्याशी खोटं बोलला? चौतीस वर्षं संसार केलाय. परक्या माणसापुढे यांना खोटं पाडायचं मला नाही जमत. यांना जमलं, मला नाही." तिने ओढणीने डोळे पुसले. सलवार-कमीज, वर जाड जाकीट आणि तिने ओढणीलाही पदरासारखंच धरलं होतं. "तेव्हा दहा तारीख जाईल. जाऊ दे. मी सांगलीला येईन, स्वयंपाक करीन, यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवीन. बोलणार मात्र नाही. एवढं यांना नीट समजावून सांग. सुशीला आहेच निरोपांना."

पुलापर्यंत ती मोठ्याने पाढे म्हणत गेली, तिसापर्यंतचे सगळे.

बसमध्ये वहिनींनी विचारलं, "दिसलं का हो अस्वल?"

"नाही," कुंदा म्हणाली. "पण ऐकत होतं."

शनिवारी आम्ही बोटीवर चढलो. बारा मजल्यांची बोट, तिच्यात नाटकगृह, पोहायचे तलाव आणि दिवसभर जेवण. आमची केबिन मात्र एवढीशी. दोन पलंग एकमेकांना चिकटवून ठेवलेले, एक गोल खिडकी, भिंतीवर फोन. वहिनींची केबिन तीन मजले खाली. आत शिरलं की आम्ही दोघं आणि तो फोन.

मला आत बसवेना. मी डेकवर फेऱ्या मारू लागलो. साडेतीन फेऱ्यांचा एक मैल होतो असं तिथे लिहिलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी चार मैल चाललो. लोक दुर्बिणीतून देवमासे शोधत होते, "तो बघा फवारा!" म्हणून ओरडत होते. मला एकही दिसला नाही. माझ्या डोक्यात नेन्यांचा नंबर फिरत होता. फोन खात्यातल्या माणसाला एकदा ऐकलेला नंबर विसरता येत नाही. बत्तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले. पुरात, वादळात, खांब पडलेले असताना. एक फोन मी तोडला, तोही स्वतःच्या घरातला.

दोनदा मी केबिनमध्ये येऊन रिसीव्हर उचलला. एकदा कुंदा न्हाणीघरात होती आणि पाण्याचा आवाज थांबला म्हणून ठेवून दिला. एकदा ती झोपली होती आणि काही कारण नसताना ठेवून दिला. काय सांगणार होतो? साठी उलटलेल्या, चारचौघांत मान असलेल्या माणसाने दुसऱ्या तसल्याच माणसाला सांगायचं, की मी खोटं बोललो. पुन्हा विचार केला, दहा तारखेला अजून दोन दिवस आहेत.

रविवारी, आठ तारखेला संध्याकाळी जेवताना वहिनी मुलीला फोन करून आल्या. "तिकडे सोमवार उजाडला," त्या म्हणाल्या. "आपल्या पुढे पळतायत सगळे."

मी चमचा खाली ठेवला. साडेतेरा तास! जन्मभर परदेशाचे कॉल जोडणारा मी, आणि हिशेब बोटीच्या कॅलेंडरवर करत होतो. आमची नऊ तारखेची संध्याकाळ म्हणजे त्यांची दहाची सकाळ. समोर कुंदा शांतपणे सूप पीत होती. गणिताची बाई. तिला तो हिशेब पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

सोमवारी सकाळी बोट हिमनद्यांच्या खाडीत शिरली. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. पावणेआठलाच सगळी मंडळी कठड्याजवळच्या जागा धरायला पळाली. वहिनींनी तीन खुर्च्यांवर शाली टाकून ठेवल्या. कुंदा त्यांच्याबरोबर गेली. मी केबिनमध्ये परतलो, दाराला आतून कडी घालायचंही सुचलं नाही, आणि नंबर फिरवला. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा घंटी वाजली.

"हॅलो, नेने."

"सर, मी घैसास बोलतोय. कुंदा घैसासांचा नवरा."

उपग्रहावरून जाणारा आवाज पोचायला वेळ लागतो. आपलं वाक्य जातं, मग मध्ये सगळं शांत, मग उत्तर. ती फट मला धंद्यातली म्हणून माहीत होती. तिच्यात उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली.

"अहो, तुम्ही अमेरिकेत ना? बोला, बोला."

"सर, एप्रिलमध्ये मी तुम्हाला कुंदाच्या गुडघ्यांचं सांगितलं, ते खोटं होतं. तिला काही झालेलं नाही. तुमचा निरोप मी तिला दिलाच नव्हता. ती तेव्हा घरातच होती."

तेवढ्यात दार उघडलं. कुंदा शाल न्यायला आली होती. तिने मला पाहिलं, माझ्या कानाचा रिसीव्हर पाहिला आणि ती दारातच थांबली.

"असं होय," नेनेसरांचा आवाज आला. "पण मग तसं का सांगितलंत तुम्ही?"

काहीतरी सांगता आलं असतं. पाऊस, डोंगर, डॉक्टर. ते सगळं अस्वलाला सांगून झालं होतं.

"मला भीती वाटली, सर," मी म्हणालो. "मी चंद्रपूरला तीन वर्षं एकटा राहिलोय. संध्याकाळी आपणच कुलूप काढायचं, आपणच दिवा लावायचा. आत कोणी नाही हे माहीत असून आधी थोडा वेळ दारात उभा राहायचो. पुन्हा तसं राहायचं मला जमणार नाही असं वाटलं. ती हो म्हणेल हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिला विचारलंच नाही."

पुन्हा ती फट. कुंदाकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी खिडकीतून बर्फाचा एक तुकडा हळूहळू मागे जाताना बघत होतो.

"उद्या सकाळी अकरा वाजता बैठक आहे," नेनेसर म्हणाले. "दोन नावं आलीत, पण दोन्हींवर एकमत होत नाहीये. बाई आहेत का तिथे?"

मी रिसीव्हर कानापासून काढला आणि तिच्यापुढे धरला. चोवीस दिवसांनी मी तिच्याशी थेट बोललो.

"कुंदा, तुझा फोन आहे."

एप्रिलमध्ये एवढंच म्हणायचं होतं. खिडकीतून हाक मारली असती तरी चाललं असतं.

तिने हात जाकिटाला पुसले, ओले कपडे वाळत घालून आल्यासारखे, आणि फोन घेतला.

"नमस्कार, सर... हो, ऐकलं मी. आत्ताच... गुडघे ना? ठणठणीत आहेत." मग बराच वेळ ती नुसतं हं हं करत होती. "सोळाला पहाटे मुंबईत उतरते. सतराला हजर होते तिथे... नाही सर, घरून अडचण नाही. हे इथेच उभे आहेत. यांनीच तर फोन लावून दिला."

फोन ठेवून तिने पलंगावरची शाल उचलली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. जागा मिळाली, पण अबोला काही सुटला नाही, असं मी समजून चाललो. वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

सतराला ती गेली. दोन वर्षांची पुढे पाच झाली. माझे पहिले महिने फार वाईट गेले, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी मी मुद्दाम दिवा लावून फिरायला जायचो, म्हणजे परत येताना घरात उजेड दिसायचा. रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन यायचा. "अस्वल जेवलं का?" असं विचारायची.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी तिच्या मागोमाग डेकवर गेलो. समोर निळा-पांढरा बर्फाचा कडा, चार-पाच मजली इमारतींची रांग असावी तसा. सगळी मंडळी तो तुटायची वाट बघत श्वास रोखून उभी. वहिनी मधल्या खुर्चीत, कुंदा त्यांच्या उजव्या हाताला. मी डावीकडच्या खुर्चीवर टेकलो. बर्फावरून येणारं वारं कानात शिरत होतं.

कुंदा वहिनींच्या पुढून वाकली.

"अहो," ती म्हणाली, "टोपी घाला. वारं आहे."

वहिनी सवयीने माझ्याकडे वळल्या. "त्या म्हणतायत, टोपी..." आणि मध्येच थांबून त्यांनी आधी माझ्याकडे, मग कुंदाकडे पाहिलं.

"टोपी केबिनमध्ये राहिली," मी कुंदाला म्हणालो.

"मग जाऊन आणा," ती म्हणाली.